जांभळी काच

१२ जानेवारी, सोमवार

नेला एकदाचा! मेहुणा सकाळीच येऊन सासूबाईंचा डबा घेऊन गेला. गळ्यातलं, कानातलं, ब्रोच — सगळा सेट. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न, ती तो घालणार. त्याआधी पारख्याला दाखवून विमा उतरवायचा म्हणे. 'दीडशे वर्षांपूर्वीचा माल आहे भाऊजी, चेष्टा नाही!'

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जाताना दारात उभं राहून त्यानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. सासूबाईंच्या आजी एका बड्या घरी मुलं सांभाळायच्या. ते लोक देश सोडून गेले तेव्हा घरच्या बाईनं हा सेट आजींच्या हातात ठेवला. आजीकडून आईकडे, आईकडून सासूबाईंकडे. सासरे ऐन उमेदीत गेले, घरात दोन लहान मुलं, चूल पेटायची मारामार. पण सासूबाईंनी लोकांचे कपडे शिवले, उपास काढले आणि सेट विकला नाही. 'आईनं विकला नाही!' — हे म्हणताना मेहुण्याचा आवाज दर वेळी त्याच जागी भरून येतो. आजही आला.

सेट काचेचा आहे.

इथे लिहायला काय हरकत आहे. ही वही कोण वाचतंय!

मागच्या पावसाळ्यात ब्रोचची पिन निखळली म्हणून सासूबाईंनी तो माझ्याकडे दिला होता. घरात खडे बसवणारा जावई असताना बाहेर कशाला? हातात घेतला आणि कळलं. तशी काच वाईट नाही हां! त्या काळी काचेलाही मानानं बसवायचे. मागून बंद कोंदण, आत चकचकीत पातळ पत्रा, त्याच्यावरून उजेड उलटून खड्यातून वर येतो. म्हणून तर तो जांभळा रंग असा जिवंत वाटतो. पण काच ती काच. भिंगातून पाहिलं तर आत गोल गोल बुडबुडे. पैलूंच्या कडा झिजून मऊ झालेल्या. शेवटी ओठाला लावून पाहिला. खरा खडा गार लागतो, गारच राहतो. हा लगेच माझ्याइतका ऊबदार झाला.

सासूबाई समोर बसलेल्या. 'काय जावईबापू, आहे की नाही राजेशाही?' तेव्हा त्यांचं पुष्कळ ठीक होतं, माणसं ओळखायच्या. मी म्हटलं, 'आई, असं काम हल्ली होत नाही.' ते काही खोटं नव्हतं.

पिन बसवून दिली. हिलाही बोललो नाही. कशाला उगाच!

आता पारखी बोलेल.

१५ जानेवारी

अजून काही कळलं नाही.

सासूबाई जेवताना म्हणाल्या, 'तुम्ही कोण?' म्हटलं, 'जावई.' 'कोणाचा?' 'तुमचाच.' 'बरं झालं,' म्हणाल्या आणि घास घेतला.

१९ जानेवारी

फोन आला.

ही नुकतीच दवाखान्यातून आली होती. दिवसभर तिथल्या काउंटरवर लोकांची नावं लिहून घेते, घरी आली की तासभर कोणाशी बोलत नाही. एक चप्पल काढलेली, एक पायातच. 'काय? ... सगळेच? ... दादा, हळू बोल.' मग माझ्याकडे पाठ फिरवली. कितीतरी वेळ नुसतं 'हं', 'हं'.

फोन ठेवला. 'पारखी म्हणतो सगळे खडे काचेचे आहेत.'

मी तिची काढलेली चप्पल कोपऱ्यात सरकवली.

'दादा विचारतोय, मागे पिन दुरुस्त केली ती तुम्हीच ना?'

'मीच. कोण करणार दुसरं?'

'तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही.'

'मला माहीत होतं.' निघून गेलं तोंडातून. 'पिन बसवतानाच कळलं. आईंना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.'

ही बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नाही — हातांकडे. एवढा संसार झाला आमचा, असं कधी पाहिलं नव्हतं तिनं माझ्या हातांकडे. मी ते खिशात घातले. घालायला नको होते.

२१ जानेवारी

बोलायला हवं होतं का तेव्हाच? बोललो असतो तर मेहुणा तेव्हाच म्हणाला असता की यानंच बदलले आणि वर साळसूदपणे सांगतोय. गप्प बसलो तर म्हणतोय, चोर म्हणून गप्प बसला. इकडे आड, तिकडे विहीर. पण तेव्हा बोललो असतो तर निदान हिच्यापासून लपवलं असं तरी झालं नसतं.

सासूबाईंची नखं कापली. त्या गाणं गुणगुणत होत्या. मधले शब्द सगळे गळालेले, चाल तेवढी शाबूत.

२५ जानेवारी, रविवार

आले. मेहुणा, वहिनी आणि भाची, जिचं लग्न आहे ती. डबा टेबलावर. चहाला कोणी हात लावला नाही, वर साय धरली.

मेहुणा आधी गोड बोलला. 'भाऊजी, अडचण कोणालाही येते. डोळा अधू झाला, काम सुटलं. मला सांगायचं होतंत. मी काय परका आहे?'

'मी काही केलेलं नाही. हे पहिल्यापासून असेच आहेत.'

'पहिल्यापासून!' वहिनी म्हणाल्या आणि हसल्या.

मी ब्रोच उचलून खिडकीशी नेला. म्हटलं, इकडे या, बघा तर खरं. कोंदणाची ही कड बघा, एकदाच दाबलेली आहे. खडा काढायचा तर ती उचलावी लागते. पुन्हा दाबली की धातू थकतो, बारीक चिरा पडतात. इथे एक तरी आहे का? या कोंदणाला घडवणाऱ्यानंतर कोणी हात लावलेला नाही! सांगता सांगता मी खुलत गेलो, मूर्खासारखा. किती महिन्यांनी हातात काम आलं होतं. भाची जवळ येऊन भिंगातून बघायला लागली. 'आतोबा, हे बुडबुडे का?' तिला मी बुडबुडे समजावून सांगायला लागलो!

मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे विचारलं, 'तुमच्यासारख्या कारागिराला मागे खूण न ठेवता खडा काढता येतो की नाही?'

येतो. मला यायचं. कारखान्यात मालक गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे — नखाएवढीही खूण सोडणार नाही आमचा माणूस. मी स्वतः याच टेबलाशी, याच लोकांसमोर, जेवता जेवता किती वेळा फुशारकी मारली आहे.

'येतो,' मी म्हणालो.

नाही म्हणायला काय झालं होतं! पण सगळं गेल्यावर तेवढं एकच तर उरलंय माझ्याकडे. तेही नाही म्हणू?

'झालं तर,' वहिनी म्हणाल्या.

भाची म्हणाली, 'बाबा, पुरे ना. मला नकोच तो सेट.' तिला वहिनींनी डोळ्यांनीच गप्प केलं.

मग मेहुण्यानं डबा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. 'आई, नीट बघ. हे तुझेच खडे ना?'

त्यांनी गळ्यातलं उचललं. उजेडात धरलं. जपून परत ठेवलं. 'नाही बाई. हे माझे नव्हेत.'

झालं! अहो, सकाळी यांना स्वतःचा कंगवा स्वतःचा वाटला नाही. आरशातली बाई कोण म्हणून विचारत होत्या. मी हे सांगितलं, ओरडून सांगितलं. ओरडलो म्हणून आणखीच वाईट दिसलं.

'माझ्या आईनं उपाशी राहून राखलं ते,' मेहुणा म्हणाला, 'आणि तू त्याच्यावर हात मारलास.' तू! लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा एकेरीवर आला.

ही कुठे होती? स्वयंपाकघराच्या दारात. हातात पाण्याचा तांब्या. मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता बोलेल. आता म्हणेल, दादा, तोंड सांभाळ.

एक अक्षर बोलली नाही.

२६ जानेवारी

अजूनही नाही.

२९ जानेवारी

हिची जुनी सवय — कामावरून आली की कानातले मोती काढायचे आणि बेसिनवरच्या बशीत टाकायचे. साबणाशेजारी. किती वेळा म्हटलं असेन, अगं वाहून जातील एखाद्या दिवशी. ऐकेल तर शपथ.

आज बशी रिकामी.

काही पडलं असेल मागे म्हणून वाकून पाहिलं. पडलं नव्हतं. कपाटाची किल्लीही नेहमीच्या खिळ्यावर नाही.

दात घासत उभा राहिलो. घासतच राहिलो. हिरडीतून रक्त आलं तेव्हा थांबलो.

२ फेब्रुवारी

भाचीनं गुपचूप सेटचे फोटो पाठवले. पुढून, मागून, अगदी जवळून. गुणाची पोर. आम्हाला मूलबाळ नाही, तिनं कधी ते जाणवू दिलं नाही.

फोटो घेऊन जुन्या दागिन्यांच्या दुकानवाल्या बाईंकडे गेलो. त्यांची कामं आमच्या कारखान्यात यायची. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, पण आत काय काय! दुखवट्यात घालायचे काळ्या काचेचे ब्रोच, मेलेल्या माणसाचे केस जपलेली लॉकेटं. त्या काळी म्हणे बाया वर्षानुवर्षं असं गळ्यात घालून हिंडायच्या. आपलं दुःख सगळ्यांना दिसेल असं, छातीवर. मला हेवा वाटला.

बाईंनी फोटो मोठे करकरून पाहिले. म्हणाल्या, 'पहिल्यापासून काचच आहे ही. हा कोपऱ्यातला खडा काळवंडलाय बघा. कधीतरी पाणी आत गेलं, पत्रा सडला. दाग किती जुना आहे! खडे बदलणारा माणूस मागे सडका पत्रा ठेवेल का?'

माझ्या कसं लक्षात आलं नाही! त्या दिवशी नेमका तोच खडा दाखवायचा राहिला.

'आणि खरं सांगू?' बाई म्हणाल्या. 'खरे हिरे-माणकं लोक काढून नव्या घडणीत घालतात. काच कोणी काढत नाही, म्हणून तीच मूळची राहते. हल्ली शौकीन मुद्दाम अशी काच शोधत येतात. चोरी झालीय म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.'

रस्ताभर जवळजवळ पळतच आलो. ही भांडी घासत होती. तिच्या पाठीला सगळं सांगितलं — पाणी, पत्रा, दाग, सगळं. ती थांबली. नळ बंद केला.

'त्या बाई तुमच्या ओळखीच्याच ना?' म्हणाली.

आणि नळ परत सुरू केला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंना घेऊन गेले.

मेहुणा म्हणाला, 'आई या घरात राहणार नाही.' हिनं त्यांची बॅग भरली. मी औषधांचं सांगत होतो — पांढरी गोळी कुटून द्यावी लागते, नाहीतर गालात धरून ठेवतात आणि मागून थुंकतात. संध्याकाळी घाबरतात तेव्हा हात धरायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं. मेहुणा मोबाइलमध्ये बघत होता. वहिनींनी ऐकलं असावं.

गाडीत बसवताना सासूबाईंनी माझी बाही धरली. 'जावईबापू, तुम्ही पुढे बसा.' मी म्हटलं, 'मागून येतो.'

काम सुटल्यावर मी दिवस दिवस भिंतीकडे बघत बसायचो. सासूबाई पडल्या, पाय मोडला, इथे राहायला आल्या, तेव्हा कुठे माणसात आलो. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. एका डोळ्यानंही जमण्यासारखं काम. लोकांना वाटायचं मी त्यांचं करतोय.

६ फेब्रुवारी

सकाळी उठून पांढरी गोळी कुटली. मग आठवलं.

११ फेब्रुवारी

भाचीचा फोन. कुठल्यातरी दुकानाबाहेरून बोलत होती, मागे गाड्यांचा गोंगाट. 'आतोबा, आजी जेवत नाही. तुम्ही कसं भरवायचात?'

म्हटलं, तिला विचार, आजी, तुझा जावई कुठे गेला. ती माझी तक्रार करायला लागेल. रागात असली की तोंड उघडते, तेव्हा घास घालायचा.

भाची हसली. मग रडायला लागली. 'बाबा म्हणतात तुम्हाला लग्नाला बोलवायचं नाही.'

म्हटलं, 'बरोबरच आहे गं. मला तरी कुठे गर्दी सोसते!'

'आतोबा, तुम्ही नाही ना केलं?'

तिनं विचारलं तरी. हिनं तेही नाही.

'नाही बाळ.'

'मला माहीत होतं,' म्हणाली. घाईघाईनं ठेवला फोन.

१८ फेब्रुवारी

आज लग्न. ही गेली. मी घरी.

२४ फेब्रुवारी

कसं लिहू?

दुपारची गोष्ट. सुटीचा दिवस. ही सासूबाईंची राहिलेली पातळं आवरत होती, मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला. लग्नाबद्दल ती आजवर काही बोलली नव्हती. आज आपण होऊन म्हणाली, 'आई बारीक झालीय. मला ओळखलं नाही. तुमची चौकशी केली मात्र.'

मी म्हटलं, 'एकदा सांग मला. तुला काय वाटतं? मी केलं?'

ती पातळाची घडी घालत होती. घातलेली मोडली, पुन्हा घातली.

'मला माहीत आहे तुम्ही केलं नाही.'

'म्हणजे विश्वास आहे?'

'विश्वास नाही. माहीत आहे.' मग सगळं एका दमात. जणू मी मध्येच बोलेन अशी भीती वाटत होती तिला.

वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. दादाची फी भरायची होती. सासूबाई डबा कापडात गुंडाळून सराफाच्या मोठ्या पेढीवर गेल्या. हिला बरोबर नेलं होतं, बाईमाणूस एकटं कसं जाणार म्हणून. पेढीवरच्या माणसानं एक खडा भिंगाखाली धरला, शेजारच्याला दाखवला. हसले नाहीत, हेच जास्त लागलं म्हणे. डबा परत सरकवला आणि म्हणाला, 'बाई, काच आहे. आणखी कुठे नेऊ नका, उगाच शोभा होईल.' बाहेर येऊन सासूबाई एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. हिला म्हणाल्या, 'दादाला सांगायचं नाही. माझी शपथ आहे.' घरी आल्यावर दादानं विचारलं, विकलास? त्या म्हणाल्या, 'नाही रे. विकायचा जीवच झाला नाही.'

दादा त्यांच्या कुशीत शिरून रडला. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी कपडे शिवायला घेतले.

म्हणजे विकायला गेल्या होत्या! विकला नाही नव्हे — कोणी घेतला नाही.

'आणि तू गप्प राहिलीस,' मी म्हटलं. 'त्या रविवारी. तांब्या घेऊन.'

'काय करू? दादानं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं केलंय. आईनं माझ्यासाठी उपास काढले पण सेट राखला — हे त्याला दारूसारखं लागतं. ते काढून घेतलं तर काय राहील त्याच्याकडे? आणि आई? तिला आता स्वतःचा बचावही करता येत नाही.'

'आणि मी?'

तिनं घडी घातलेलं पातळ मांडीवर ओढलं. मग अगदी हळू — 'मला वाटलं, तुम्ही सोसाल. दादाला सोसणार नाही.'

'आणि मोती?'

'वहिनी म्हणाली लपवून ठेव. ठेवले. का ठेवले ते मला सांगता येणार नाही.'

मग म्हणाली, 'आई आहे तोवर थांबा. एवढंच. मग मी स्वतः सांगेन.'

मी बरं म्हणालो.

इतके दिवस मी झुरत होतो की ही मला चोर समजते. ती शंका परवडली! शंका माणसाला येते, जाते. हिनं मला चोर मानलं नाही. चोर ठरू दिलं. त्या बाई तुमच्या ओळखीच्याच ना, असं विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. नळ सुरू केला तेव्हाही.

२५ फेब्रुवारी

तिला दोष देता येत नाही, हे जास्त वाईट आहे. दोष देता आला असता तर निदान भांडलो असतो.

१ मार्च

मालकांचा फोन. काम सुटल्यापासून पहिल्यांदा. आवाज ऐकून बरं वाटलं. म्हटलं, बोलावतायत की काय!

'अरे, तुझा मेहुणा आला होता कारखान्यात. विचारत होता, इथे असताना याच्या हातून कधी खडे बदलले गेले होते का म्हणून. सगळ्यांसमोर! पॉलिशवाला तर मारायलाच उठला. मी त्याला हाकलून दिला. म्हटलं, आमच्याकडे याच्या हातात लोकांची घरंदारं असायची, एक कण इकडचा तिकडे झाला नाही.'

मी म्हटलं, 'उपकार झाले मालक.'

'उपकार कसले.' मग आवाज खाली घेऊन — 'पण तू मला सांग. तसं काही नाही ना? घरचं प्रकरण आहे, अडचणीत माणसाकडून होतं कधी. मी कोणाला बोलणार नाही.'

फोन माझ्या कानालाच राहिला. ते 'हॅलो, हॅलो' करत होते.

'नाही मालक,' म्हटलं. 'तसं काही नाही.'

माझाच आवाज मला खोटा वाटला.

२ मार्च

उठलो नाही.

३ मार्च

आजही नाही. ही दवाखान्यात गेली नाही. दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा उचलून नेला. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हटल्यावर तिला काय करावं कळेना.

तिला मालकांचं सांगितलं. सांगायचं नव्हतं. पण ती सारखी 'दुखतंय कुठे, दुखतंय कुठे' विचारत होती.

म्हटलं, घरातले काही का म्हणेनात. घर कधीतरी आपलं असतं, कधी नसतं. पण कारखान्यातल्या त्या बाकावर मी उभा जन्म काढला. तिथे खाली जमिनीवर पडलेला कण शोधायला आम्ही सगळे गुडघ्यांवर रांगायचो आणि सापडला की ओरडायचो — सापडला! माझा असो नाहीतर दुसऱ्याचा. आता तिथे कोणी वाकलं की माझी आठवण निघेल. आणि कोणीतरी म्हणेल, काय माहीत बाबा.

ही ऐकत होती. पलंगाच्या कडेला बसून. तिनं माझा हात उचलून मांडीवर घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली, पाहिली आणि तशीच धरून बसली. मी काढून घेतला नाही. धरलाही नाही.

'आता मला थांबवत नाही हो,' असं काहीतरी म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही. विचारलंही नाही मी.

४ मार्च

हिनं भावाला फोन करून सगळं सांगितलं. पेढी, पायरी, शपथ — काही राखलं नाही. तो म्हणाला, नवऱ्याला वाचवायला आईला खोटी ठरवतेस, म्हणजे तूही सामील होतीस. आता माझ्या घरात पाय ठेवायचा नाही. आईला भेटायलाही नाही.

म्हणजे आता चोर आम्ही दोघं.

बराच वेळ फोन मांडीवर घेऊन बसली होती. मग डोळे पुसून उठली आणि तांदळाच्या डब्याशी उभं राहून विचारलं, 'किती टाकू?' हात अजून तिघांच्या मापावर जातो तिचा. मी अंथरुणातून उठून तिच्याजवळ गेलो.

'दोघांचा टाक,' म्हटलं.